पलीकडे कोण बसलंय

माझ्या मामेभावाची गावात कापसाची खेडा खरेदी आहे. रस्त्याला लागून एक टिनाची खोली, खोलीत एक प्लॅटफॉर्म काटा. गाठोडं ठेवलं की लाल आकडे थोडा वेळ नाचतात, मग एका जागी थांबतात. मामेभाऊ तो आकडा मोठ्यानं म्हणतो, कास्तकार तो मनात म्हणतो, आणि एक पोट्टा वहीत लिहितो. काट्याच्या डब्याला मागून नऊ पिनांचं एक तोंड होतं. त्यावर धूळ आणि कापसाची मऊ बुरशी बसलेली. विकत घेतल्यापासून त्यात कोणी काही घातलं नव्हतं.

२०२०ची दिवाळी होऊन गेली होती. पुण्याची नोकरी आर्वी तालुक्यातल्या घरातून चालू होती, म्हणजे छतावर मोबाइल ठेवायचा आणि खाली छपरीत बसून मीटिंगा करायच्या. संध्याकाळी मी मामेभावाकडे जाऊन बसायचो. एक दिवस ते नऊ पिनांचं तोंड दिसलं आणि माझ्या हाताला खाज सुटली. काटा स्वतःच सांगायला तयार आहे, मग वहीत लिहायचं कशाला?

असल्या खाजेतून चांगलं काही क्वचितच निघतं, हे मला त्या वयात कळायला हवं होतं.

प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला, कारण कॉलेजात पहिलं प्रेम तिच्यावर बसलं होतं. आणि लिहिला युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रीतीनं. एकानं एकच काम करायचं, नीट करायचं, आणि आपलं झालं की पुढच्याच्या हाती द्यायचं. माझा ‘काटा’ नावाचा प्रोग्रॅम फक्त वजन वाचून एक ओळ छापायचा. त्याच्यापुढे युनिक्ससोबत तयार मिळणारं ग्रेप, ते चुकूनमाकून आलेली रिकाम्या काट्याची शून्याची ओळ गाळायचं. त्याच्यापुढे तसंच तयार ऑक, ते भावानं गुणून बेरीज ठेवायचं. आणि शेवटी टी. या टीचा चहाशी संबंध नाही. नळजोडणीत लागणारा जो टी असतो, एकीकडून पाणी आत आणि दोन्हीकडून बाहेर, त्याच्यावरूनच त्या प्रोग्रॅमचं नाव पडलं. आर्वीच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘अडीच इंची टी द्या’ म्हणतात तोच हा. माझा टी एक धार पडद्यावर सोडायचा आणि दुसरी फाइलमध्ये.

मला या सगळ्यात पहिल्यापासून वावर दिसत आलं आहे. युनिक्स जिथं जन्मलं त्या बेल लॅब्समधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या नळीसारखे जोडता आले पाहिजेत, लागेल तसा आणखी एक तुकडा फिरवून बसवला की झालं. युनिक्सचा जन्म १९६९चा. त्यात पाइप, म्हणजे ही जोडणी, यायला १९७३ उजाडलं, केन थॉम्पसन यांनी ते घातले. अमेरिकेतल्या माणसाला बागेतली नळी आठवली, मला हरभऱ्यातले स्प्रिंकलरचे पाइप आठवतात. रात्री थ्री फेज आली की बाबांच्या मागं बॅटरी धरून चालायचं, एक पाइप दुसऱ्यात घालायचा, क्लिप ओढायची, पुढं जायचं. कोणता पाइप कोणत्या कंपनीचा, हे बघायची गरज नसते. तोंडाला तोंड बसलं पाहिजे.

घरच्या डेस्कटॉपवर, जो मी पुण्याहून अक्षरशः मांडीवर घेऊन आलो होतो, व्हीएस कोड हा प्रोग्रॅम लिहायचा एडिटर उघडून मी ते बांधलं. सुरुवातीला काटा नव्हता म्हणून खोट्या वजनांची हजार ओळींची फाइल बनवली आणि ती अख्ख्या पाइपलाइनीतून सोडली. हजारच्या हजार आली, बेरीज बरोबर. मग एका दुपारी काटा मोकळा होता तेव्हा वायर लावून बघितली. प्रोग्रॅम चालवायचं एफफाइव्ह बटण दाबलं, गाठोडं ठेवलं, खालच्या काळ्या चौकटीत ओळ उमटली. दुसरं ठेवलं, दुसरी उमटली. मामेभावानं स्वतःलाही काट्यावर तोलून घेतलं आणि आकडा बघून उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर, जिथं मी आधीच युनिक्सच्याच वळणाचं लिनक्स चढवून ठेवलं होतं, पूर्ण पाइपलाइन सुरू करून दिली आणि मी घरी आलो. अकरा वाजता फोन.

‘‘दादा, हे तं काहीच बोलून नाही राह्यलं.’’

‘‘गाठोडी मोजली का?’’

‘‘वीस-बावीस झाली. वहीत लिहून राह्यलो मी. पडदा काळाच्या काळा हाय.’’

संध्याकाळी त्यानं रोजच्यासारखा संगणक बंद केला. फाइल उघडली तर शून्य बाइट. दिवसभरात चोपन्न गाठोडी तोलली गेली होती आणि माझ्या प्रोग्रॅमनं त्यातल्या एकाचीही साक्ष दिली नव्हती.

आमच्या धंद्यात चुकीला बग म्हणतात, म्हणजे किडा. ज्या गावानं बोंडअळी पाहिली आहे तिथं हा विनोद करू नये, एवढं तारतम्य मला होतं. मी मामेभावाला फक्त ‘थोडा घोळ हाय’ असं सांगितलं.

पहिली रात्र वाया गेली ती माझ्याच सवयीमुळे. प्रोग्रॅम कुठं अडकतो हे बघायला मी तेच केलं जे प्रत्येक जण करतो. दर दहा ओळींनी एक प्रिंटएफ, म्हणजे छापायची आज्ञा, टाकला: इथवर आलो एक, इथवर आलो दोन, इथवर आलो तीन. पेन ड्राइव्हवर घालून सकाळी तिकडे चालवलं. एकही आला नाही. ‘इथवर आलो एक’सुद्धा नाही. म्हणजे प्रोग्रॅम पहिल्या दहा ओळींतच मेला, असा मी निष्कर्ष काढला आणि दोन दिवस त्या दहा ओळी उकरत बसलो. बॉडरेट, म्हणजे काट्याच्या बोलण्याचा वेग, नऊ हजार सहाशे आहे ना? आहे. पोर्ट उघडायची परवानगी? आहे. यूएसबीची वायर बदलली. शेवटी तर मला वायरीत उंदीर दिसायला लागले.

घरी येऊन खोट्या वजनांच्या फाइलवर जीडीबी या चुका शोधायच्या साधनात चालवलं की सगळं सुरळीत. छापायच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावायचो, प्रोग्रॅम तिथं आज्ञाधारकपणे थांबायचा, वजनाच्या व्हेरिएबलमध्ये बरोबर वजन दिसायचं, एक पाऊल पुढं टाकलं की खाली ओळ हजर. आजार डॉक्टरसमोर नाहीसा होतो, त्यातला हा प्रकार. बाबा पाणी प्यायला उठले तेव्हा रात्रीचे दोन वाजले असतील.

‘‘काय शोधून राह्यला रे एवढं?’’

‘‘वजनं हरपली.’’

‘‘कापूस हाय ना जागेवर?’’ असं म्हणून ते झोपायला गेले.

इथं वाचकाला वाटेल की त्या वाक्यानं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तसं काही झालं नाही. मी आणखी तीन दिवस चुकीच्या जागी खणत होतो, आणि त्यातला एक तर निव्वळ मूर्खपणात गेला. घरी बदल केला, प्रोग्रॅम नव्यानं बांधून देणारं मेक चालवलं, पेन ड्राइव्हवर नेलं, तिकडे चालवलं, फरक शून्य. पुन्हा बदल, पुन्हा शून्य. दुपारी कळलं की मामेभाऊ त्याच्या पडद्यावरच्या ज्या चिन्हावर क्लिक करतो ते जुन्या फोल्डरातला जुनाच प्रोग्रॅम चालवतं. मी नवीन बियाणं आणून कोठीत ठेवत होतो आणि तिफन जुनंच पेरत होती. समाधान एवढंच, की खुद्द मेक हे साधन १९७६ साली अशाच वैतागातून जन्मलं. बेल लॅब्समध्ये एकानं चूक दुरुस्त केली, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली, आणि दुरुस्त झालेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्याची सकाळ गेली. तो तावातावानं स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरला आणि त्यातून मेक निघालं. माझी तर अख्खी दुपार गेली होती.

सुटका झाली ती अपघातानं. कंटाळून मी एक निरोप एसटीडी-आउटऐवजी एसटीडी-एररवर छापला. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला जन्मतः बोलायला दोन तोंडं असतात. एसटीडी-आउट कामाचं बोलणं बोलतं, एसटीडी-एरर तक्रारीचं. तक्रारीचं तोंड पाइपात जात नाही, वेगळं सांगितलं नसेल तर सरळ पडद्यावर येतं. पहिलं गाठोडं ठेवलं आणि पडद्यावर आलं: वजन मिळालं, ४८.३५०. दुसरं ठेवलं, दुसरं आलं. म्हणजे बेटा मेला नव्हता. पहिल्या दिवसापासून धडधाकट होता, दर वजन वाचत होता, छापायच्या ओळीवर जातही होता.

मग मी एसट्रेस लावलं. प्रोग्रॅम आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यांच्यात जे काही देणंघेणं होतं ते एसट्रेस ओळीनं दाखवतं. आधीच लावायला हवं होतं, पण आपण हातातलंच हत्यार पुन्हा पुन्हा चालवतो. पडद्यावर रीड, रीड, रीड, रीड. काट्याकडून घेतोय, घेतोय, घेतोय. राइट, म्हणजे बाहेर देणं, एकही नाही. प्रिंटएफ होत होतं आणि राइट होत नव्हतं.

पुस्तकात वाचलेलं असतं हे. वाचलेलं असणं आणि पाच रात्री जागून कळणं यात फरक आहे. प्रिंटएफ स्वतः काहीच बाहेर टाकत नाही. ते सी लायब्ररीच्या हाती देतं, लायब्ररी ते एका भांड्यात ठेवते, आणि भांडं कधी उपसायचं हे ती पलीकडे कोण आहे ते बघून ठरवते. पहिल्यांदा छापायची वेळ आली की ती विचारते, तिकडे टर्मिनल आहे का? म्हणजे, माणूस बसलाय का? माणूस असेल तर प्रत्येक ओळ संपली की देऊन टाकते. माणूस नसेल, पाइप असेल नाहीतर फाइल असेल, तर भांडं भरेपर्यंत थांबते. माझ्या लिनक्सवर पाइपसाठी ते भांडं ४०९६ बाइटचं होतं. माझी एक ओळ ३२ अक्षरांची, शेवटचं न दिसणारं चिन्ह धरून. भागाकार करून बघा: १२८ गाठोडी. मामेभावाकडे दिवसाला पन्नास-साठ यायची. भांडं भरायला दोन-अडीच दिवस लागणार, आणि तो दर संध्याकाळी संगणक बंद करणार. प्रोग्रॅम स्वतःहून नीट संपला तर जाताजाता भांडं उपसून जातो, पण असा बाहेरून मारला तर भांड्यासकट जातो.

आता सगळं जागेवर बसलं. हजार ओळींची फाइल का चालली? ती संपली, प्रोग्रॅम आपल्या मरणानं मेला आणि जाताना सगळं देऊन गेला. व्हीएस कोडमध्ये का चाललं? कारण खालची काळी चौकट हे खरंखुरं टर्मिनल आहे, आणि तिथं मी बसलो होतो. माझे ‘इथवर आलो’ का आले नाहीत? तेही त्याच भांड्यात पडून होते. शेवटची छापलेली ओळ म्हणजे मरणाची जागा, असं धरून मी दोन दिवस खणलं होतं.

कॉलेजात याच्या उलट सोंग पाहिलं होतं. तिथल्या विंडोजवरच्या एका आयडीईत, म्हणजे प्रोग्रॅम लिहून तिथंच चालवायच्या साधनात, ‘तुमचं नाव टाका’ हा प्रश्न नाव टाकून झाल्यावर, प्रोग्रॅम संपताना यायचा. त्या आयडीईची ती चौकट टर्मिनल नव्हती, टर्मिनलच्या वेशातला पाइप होता. सरांनी तेव्हा सांगितलं होतं की प्रत्येक प्रिंटएफनंतर एफफ्लश, म्हणजे भांडं उपसायची आज्ञा, लिहायचं. का, ते सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं, देवाला नारळ फोडावा तसा एफफ्लश लिहायचो.

लायब्ररीचं हे वागणं मूर्खपणाचं आहे असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. राइट हा सिस्टिम कॉल आहे, आणि कॉलला पैसे पडतात, म्हणजे वेळ पडतो. प्रत्येक वेळी प्रोग्रॅमला आपलं काम ठेवून कर्नलच्या दारात जावं लागतं. लाखो ओळी असतील तर दर ओळीला दार वाजवणं परवडत नाही. साठवून एकदाच जावं.

कॉल महाग, हे आमच्या घराला कोणी शिकवायला नको. अमरावतीला डिप्लोमाला होतो, साल २०००-०१. होस्टेलसमोर एसटीडीचं खोपटं, काचेच्या आत लाल आकड्यांचं मीटर. गावात फोन शेजारच्यांकडे. बाबा धावत येऊन रिसीव्हर उचलायचे, आणि माझी नजर मीटरवर, त्यांचं मन माझ्या मीटरवर. ‘‘बरा हाय ना? पैशे हायेत ना? इकडं समदं ठीक हाय. ठेव.’’ एवढ्यात जेमतेम दोन-तीन आकडे पुढं सरकायचे. पुढं मोबाइल आले, कॉल फुकटासारखे झाले, पण बाबांचं भांडं तेवढंच राहिलं. फोनवर त्यांना पलीकडे पाइप दिसतो. माणूस दिसत नाही.

२०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत काळं. मी पुण्यात बातम्या वाचत होतो आणि दर रविवारी फोन करत होतो. ‘‘आपल्याकडं थोडीशी हाय. ठीक हाय समदं.’’ संक्रांतीला आलो तर नाल्याकडचं सगळं वावर मोकळं. पऱ्हाटी नोव्हेंबरातच उपटून धुऱ्यावर ढिगारा घातला होता, आणि आई त्यातल्या काड्या चुलीत लावत होती. त्या रात्री छपरीत बसून बाबा बोलले. फवारण्या किती झाल्या, कोणाकडून किती उचलले, बैलजोडीतला एक का विकला, ते सगळं आठ-नऊ महिन्यांचं एका दमात, महिन्याच्या क्रमानं, एकही ओळ न गाळता. मी समोर बसलो होतो म्हणून.

आई मात्र एसटीडी-एरर. तिच्याकडे भांडंच नाही. फोनवर बाबांच्या मागून तिचा आवाज येतो, बाबा हात लावून रिसीव्हर झाकतात, तरी येतो. वर्षानुवर्षं मी त्या आवाजाला व्यत्यय समजत होतो.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच सेटव्हीबफ लावून सांगितलं की पलीकडे कोणीही असो, ओळ संपली की दे. तिकडे नेलं, आयकॉन बदललाय ना हे तीनदा बघितलं, सुरू केलं. पडदा काळाच. या वेळी मात्र मला हसू आलं. कारण पाइपलाइनीत साठवणारा मी एकटा नव्हतो. ग्रेपचंही तेच, त्याच्या पलीकडेही पाइप. ऑकचंही तेच, त्याच्या पलीकडे टी. पोस्टातल्यासारखं प्रत्येक टेबलावर पोतं भरेपर्यंत टपाल थांबत होतं. ग्रेपला ओळीओळीनं देण्याचा पर्याय असतो, तो लावला. ऑकमध्ये दर ओळीनंतर एफफ्लश लिहिलं, आणि या वेळी का लिहितोय ते माहीत होतं. टी तेवढा शहाणा, तो मुळातच काही साठवत नाही, येईल तसं दोन्हीकडे सोडतो.

काटा सुरू झाला त्याच आठवड्यात बाबा शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन आले. बंडीतून गाठोडं उतरवलं, काट्यावर ठेवलं. लाल आकडे नाचून थांबले, ४१.२५०. पडद्यावर त्याच क्षणी ओळ उमटली, ४१.२५०, पुढं रक्कम. मी बाबांकडे बघत होतो. त्यांनी काट्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे पाहिलं.

‘‘दोन्हीकडं सारखंच दाखवून राह्यलं. मंग हे कायले पाह्यजे?’’

मामेभाऊ अजूनही वहीत लिहितोच. लाइन गेली तर, म्हणतो.

पुण्याला परत आल्यावर पहिल्या रविवारी मी फोन लावला. बाबांनी उचलला. बरा हाय ना, पोचला ना नीट, इकडं समदं ठीक हाय. ते ‘ठेव’ म्हणणार एवढ्यात मी म्हटलं, ‘‘आईजवळ द्या.’’

‘‘तिले काय काम हाय? भाकरी थापून राह्यली.’’

आणि मागून, चुलीजवळून, परातीच्या आवाजावर मात करत: ‘‘विहिरीवरची मोटर जळाली म्हणून सांगा ना त्याले! चार दिस झाले!’’

थोडा वेळ काहीच आलं नाही.

‘‘हो, ते सांगूनच राह्यलो होतो,’’ बाबा म्हणाले.